रस्ता सांगणारी बाई

आमच्या गाडीतली भांडणं एका बाईने थांबवली. बाई म्हणजे पुढच्या काचेला रबरी चकतीने चिकटवलेलं, तळहाताएवढं यंत्र. माझा भाचा टुरिस्ट गाडी चालवतो. त्याच्या नव्या गाडीत मोठा पडदा आला, तेव्हा जुनं यंत्र त्याने मला आणून दिलं. "मावशी, याला रेंज लागत नाय. नकाशा आतच हाय," म्हणाला आणि चहासुद्धा न घेता पळाला. ते हिंदीत बोलतं आणि आवाज बाईचा आहे, म्हणून आम्ही तिला बाईच म्हणतो.

माझा नवरा पाण्याचे पंप दुरुस्त करतो. पालघरला छोटं दुकान आहे, पण विहिरीतली मोटार काही चालत दुकानात येत नाही. बोईसरचे कारखाने, सालवडच्या चाळींच्या बोअरवेल, चिंचणी-तारापूरकडच्या चिकूच्या वाड्या, रोज कुठे ना कुठे जावंच लागतं. त्यांना काचबिंदू झाला आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. मग पन्नाशीला टेकलेली मी व्हॅन चालवायला शिकले. गाडी हातात आली, रस्ते मात्र डोक्यात शिरेनात. माझं आणि दिशांचं जन्मापासून वाकडं आहे. लग्न होऊन आले तेव्हा बाजारातून परतताना मी शेजाऱ्यांच्या पडवीत शिरायचे, आणि सासूबाई तिथून मला हाताला धरून घरी आणायच्या.

तेव्हा असं ठरलं की चालवायचं मी आणि रस्ता त्यांनी सांगायचा. एवढ्या कामावरून आम्ही एकमेकांचा जीव घ्यायचा तेवढा बाकी ठेवला होता.

"आता उजवीकडे."

"उजवीकडे कंपनीचं गेट हाय. आत घालू?"

"मग वळण मागं गेलं."

"मागं गेलं ते मागं असताना सांगायचं ना!"

पाठीमागे टँकर भोंगा वाजवतोय, पुढे रिक्षा आडवी, आणि औद्योगिक वसाहतीतले रस्ते तर एका साच्यातून काढल्यासारखे. एका गेटवरच्या रखवालदाराने आम्हाला पुन्हा पुन्हा फिरताना पाहून शेवटी विचारलं, "आप लोग फिर आ गये?" मी फोनवर रस्ता लावून पाहिला. पण वळण जवळ आलं की नेमका गिऱ्हाइकाचा फोन यायचा, कुठपर्यंत आलात म्हणून. तो घेईपर्यंत आम्ही पुढच्या गावात.

वेळेवर पोचत नाही म्हणून जुनी गिऱ्हाइकं दुसऱ्याला बोलावू लागली. एका संध्याकाळी ते पान्यांची पिशवी खुंटीला अडकवत म्हणाले, "आता बंदच करावं म्हणतो." हा माणूस मोटारीला कान लावून तिचं दुखणं सांगतो. घरी बसला तर वाळून जाईल, हे मला लख्ख दिसत होतं.

बाई आली ती अशा वेळी. पहिल्या दिवशी पालघरहून बोईसरच्या एका कारखान्यात थेट पोचलो, एकदाही न चुकता. गेटवर गाडी उभी केली आणि माझे खांदे आपोआप खाली आले. इतके दिवस ते कानाला लागलेले होते हे तेव्हा कळलं. पुढे मी शेफारलेच. नकाशात पाडे नीट नसतात, आणि आमच्याकडे पाटीलपाडा तर जाल तिथे एक. म्हणून पोचल्यावर मी त्या जागेची खूण यंत्रात साठवते. गिऱ्हाइकाचं नाव लिहिलं तर माझ्या लक्षात राहत नाही, म्हणून मी लिहिते 'गाळाची विहीर', 'रडकी मोटार', 'कुत्रा सुटा'. बाईला सगळं चालतं. वळण चुकलं तरी ती सुनावत नाही. मुकाट्याने दुसरा रस्ता शोधते. तिच्याकडून मी काही शिकले असते तर संसार आणखी सुखाचा झाला असता.

पण बाई बोलायला लागली आणि नवरा गप्प झाला.

आधी मला बरंच वाटलं. गाडीत शांतता, मी मजेत. मग ती शांतता खुपू लागली. ते नुसते मान मागे टेकून बसायचे. मी मुद्दाम विचारायचे, "अहो, हिचं बरोबर हाय ना?" तर म्हणायचे, "ती सांगते ना? मग झालं." मला वाटलं, यांचा मान गेला. रस्ता सांगणं हे त्यांचं होतं, तेही एका डबीने काढून घेतलं. आज रस्ता सोडला, उद्या पाना सोडतील. रात्री डोळ्याला डोळा लागेना.

शेवटी मी एक शहाणपणा केला. वसाहतीत शिरल्यावर गुपचूप बाईचं बटण दाबून ती बंद केली आणि म्हणाले, "बाई मेली वाटतं. आता सांगा तुमीच, कसं जायचं."

मला वाटलं, खूश होतील. पण त्यांनी समोरचा दांडा घट्ट पकडला. "गाडी बाजूला घे," एवढंच म्हणाले.

मी एका झाडाखाली गाडी लावली.

"मला बाजूचं दिसत नाय," ते म्हणाले. "लई दिवस झाले. नाकासमोरचं तेवढं दिसतं. हातातली वायर दिसते, तिचा रंग दिसतो. वळण आलं ते कळत नाय."

"आणि इतके दिवस मला रस्ता कशाने सांगत होतात?"

"वासाने."

मी इंजिन बंद करून त्यांच्याकडे वळले.

"इथं दर कंपनीचा वास निराळा. आंबट वास सरला की उजवीकडे. औषधाचा आला की सरळ. सुट्टीला कंपन्या बंद, मग वास नाय, मग जीव मुठीत. वारा फिरला तर इचारूच नको."

मला आधी संताप आला. टँकरच्या पुढ्यात घातलं असतंत मला, असं काहीबाही ओरडले. आणि ओरडता ओरडता हसूच फुटलं. नाकाच्या भरवशावर आम्ही अख्खी वसाहत पालथी घातली होती! तेही हसायला लागले, डोळे पुसत.

"अहो, मग सांगायचं नाय?"

"सांगितलं असतं तर तू काम बंद केलं असतंस. ही बाई आली तेव्हा कुठं मी सुटलो. गाडीत पहिल्यांदा निवांत बसलो. बोलावंसंच वाटेना बघ."

"आणि मी समजले, तुमी रुसला."

"रुसतोय कशाला? डॉक्टरला ठावं हाय सगळं. थेंब नेमाने घातले तर उरलंय ते टिकंल म्हणतात."

टिकेल. तो एक शब्द ऐकून मला जे बरं वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही. रुसला नव्हता माझा माणूस. काम सोडत नव्हता. थकला होता, आणि आता विसावला होता.

मी बाईचं बटण दाबलं. ती जागी झाली आणि काही झालंच नाही अशा आवाजात पुढचं वळण सांगू लागली. मी गाडी रस्त्यावर घेतली. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी माझ्या बाजूला मान वळवली.

"रस्ता ती सांगंल," ते म्हणाले. "तू मला बाजूचं सांग."

मी वेग कमी केला. डावीकडे शिफ्ट सुटली होती. पोरं डब्याच्या पिशव्या खांद्याला लावून बसकडे निघाली होती, एक जण सायकल ढकलत फोनवर हसत होता, आणि कुंपणाच्या तारेवर कुणीतरी निळे हातमोजे वाळत घातले होते. मी एकेक सांगत गेले, आणि ते ऐकत होते.