हळदीची बोटं

परवा कपाट आवरताना माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा जुना मसुदा हाती लागला. वरच्याच पानाच्या कोपऱ्यात पिवळा ठसा. नाकाजवळ नेला, तर हळदीचा वास अजून येतो.

त्या वर्षी सांगलीजवळच्या आमच्या मळ्यात हळद शिजवून वाळत घातली होती. इंग्रजी साहित्यावरचा माझा प्रबंध पुरा झाला होता आणि दुसऱ्या दिवशी तो साताऱ्याला गाईडच्या हातात द्यायचा होता. कॉलेजातून दमून घरी आले, तर सासूबाई सोप्यात तो गठ्ठा मांडीवर घेऊन बसलेल्या. हात मनगटापर्यंत पिवळे.

"आत्याबाई, हे काय केलंत?" मी ओरडलेच.

"आगं, बघत हुते," त्या म्हणाल्या. "चार वरसं काय लिवतीयास ते. येक बी पान कोरं न्हाई गं!"

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

पानं नीट जुळवून त्यांनी गठ्ठा माझ्या हातात दिला आणि हात धुवायला गेल्या. मी तशीच सांगलीला जाऊन सगळं पुन्हा छापून आणलं.

ती स्वच्छ प्रत पुढे सोनेरी अक्षरांच्या काळ्या पुठ्ठ्यात बांधून ग्रंथालयात गेली. मागच्या महिन्यात सहज बघायला गेले, तर उघडताना ती नव्यासारखी करकरली.

आत्याबाई आता नाहीत. परवा मसुद्याचं शेवटचं पान काढून बघितलं. तिथंही त्यांचं बोट होतं.