स्टेशनाशेजारच्या दोन इमारती

मला इमारतीचा नकाशा वाचता येत नाही. भूगोलाचा येतो. भिंतीवर टांगलेल्या नकाशात गोदावरी कुठून निघते आणि कुठे जाते, हे मी छडीच्या टोकाने बरीच वर्षं पोरांना दाखवलं. पण घराचा नकाशा समोर पसरला की आजही मी चष्मा पुसायला घेतो आणि तेवढ्यात दुसरं कुणीतरी बोलेल याची वाट बघतो.

दुसरं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. मुंबईत जागा मिळेनाशी झाल्यामुळे गिरगावातली, दादरची पांढरपेशी बिऱ्हाडं डोंबिवलीत उतरू लागली होती. आमचं आगऱ्यांचं गाव त्या आधीपासून तिथेच होतं. स्टेशनाचं कुंपण संपलं की आमची भातशेती सुरू व्हायची. कुंपणाला लागूनच आमचं कौलारू घर होतं, मागे विहीर आणि पुढे शेणाने सारवलेलं अंगण. घरात मी, माझे वडील आणि माझी थोरली चुलती. चुलते लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. माझी आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. तिला मी मोठी आय म्हणायचो. जमिनीचा अर्धा वाटा चुलत्यांच्या नावावरून तिच्या नावावर आलेला होता.

मोठी आय गावाची धवलारीण होती. आमच्याकडे लग्न लावायचं तर धवलारीण लागते. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला तोंडपाठ असावं लागतं, आणि ती म्हणेल त्याच क्रमाने सगळं होतं. मोठी आयला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण एकदा ऐकलेलं ती विसरत नसे. तिच्या तोंडून आलेली गोष्ट गावात कुणी पुन्हा तपासून बघत नसे.

आणि मी गावातला पहिला मास्तर. व्हर्नाक्युलर फायनल झालेला, कल्याणला ट्रेनिंग घेऊन आलेला. गावात शाळा काढून दीड वर्ष झालं होतं. पोरं यायची, पण आईबाप नाराज असत. भाताच्या लावणीला माणूस कमी पडलं की पाटी घरात आणि पोर शेतात. माझा रुबाब मात्र कलेक्टरचा होता. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

तर मुंबईच्या एका शेठने स्टेशनाला लागून मोठं बांधकाम करायचं ठरवलं. दुकानंही होणार आणि राहायच्या जागाही होणार, एवढं तो आमच्या ओटीवर बसून सांगून गेला. ज्यांची जमीन जाणार त्या प्रत्येक घराला एक राहती जागा मिळणार होती. कागद मराठीत होता. त्यात लिहिलं होतं, ‘सोबतच्या नकाशात दाखविल्याप्रमाणे.’ पुढचं सगळं त्या तीन शब्दांनी केलं.

नकाशा घेऊन शेठचा ओव्हरसियर आला. पुण्याकडचा तरुण, डोक्यावर सोला हॅट, बोलणं अगदी मुलायम. त्याने निळा कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “मास्तर, तुम्हीच यांना समजावून सांगा. तुम्हाला काय, बघताक्षणी कळेल.”

इथेच मी फसलो. कळत नाही असं म्हणायला दोन सेकंद लागले असते. पण ओटीवर वडील होते, मोठी आय होती, शेजारपाजारची दहा-बारा माणसं होती, आणि सगळी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, “हो हो, ठेवून जा.”

निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा. खाली बारीक इंग्रजी अक्षरं, ती मला येत नव्हती. पण चित्र स्पष्ट होतं, निदान मला तसं वाटलं. डावीकडे एक लांबट चौकोन, त्यात एका ओळीत गाळे. उजवीकडे तेवढाच दुसरा लांबट चौकोन, त्यात खोल्या, स्वयंपाकघरं, मोऱ्या. दोन चौकोन, म्हणजे दोन इमारती. दोन्हीकडे एका टोकाला जवळजवळ आखलेल्या आडव्या रेघा होत्या. त्या काय ते बराच वेळ कळेना. शेवटी मी ठरवलं, धुणं धुवायच्या पायऱ्या.

शेजारी पांगल्यावर मी ओटीवर मांडी घालून घरच्यांना सांगितलं, “स्टेशनाच्या बाजूला दुकानांची इमारत. मागे विहिरीच्या बाजूला राहायच्या घरांची इमारत. मधे अंगण.”

कल्याणच्या पेठेत दुकानाच्या वर राहणारे व्यापारी मी ट्रेनिंगच्या दिवसांत रोज बघत होतो. त्यांच्या ओल्या धोतरांखालून गेलेलो आहे. तरी ते तेव्हा मला आठवू नये, याचा उलगडा मला अजून होत नाही.

मोठी आय पुढे सरकली. “माझी खोली भुईवर ना?”

“भुईवरच.”

“मंग उखल पुरता येल?”

“येईल की.”

“आन माझे देवांचे डोक्यावर कुनी नाचनार नाय?”

“नाही गं आये. एकमजलीच आहे.”

तिचा सगळा जीव यात अडकलेला होता. तिचे चांदीचे टाक पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवरच्या देव्हाऱ्यात होते आणि त्यांच्यावर फक्त कौलं आणि आभाळ. देवांच्या डोक्यावर माणसाचा पाय पडायचा नाही आणि घरातलं उखळ जमिनीत रुतलेलं हवं, कारण लग्नाचे तांदूळ त्याच उखळात सडायचे. एवढं मिळत असेल तर जुनं घर सोडायला ती तयार होती. तिने माझ्याकडून नकाशा तीनदा वदवून घेतला. चौथ्यांदा तिने तो मला म्हणून दाखवला, एकही शब्द न चुकता. मग तिने अंगठा उठवला.

पुढच्या आठ दिवसांत दोन हळदी झाल्या आणि त्या दोन्हीकडे मोठी आयने बायकांना नकाशा सांगितला. पुढे दुकानां, मागे घरां, मधी अंगन. धवलारणीने सांगितलं म्हटल्यावर उरलेल्या घरांनीही अंगठे दिले.

भातं कापून झाल्यावर ओव्हरसियर माणसं घेऊन आला आणि शेतात चुन्याची फक्की टाकून रेघा मारल्या. आमच्या घरासकट सगळं त्या रेघांच्या आत होतं. संध्याकाळी शाळेतून आलो तर मोठी आय रेघेवर उभी.

“पोरा, दुसरी इमारत कं हाय?”

मी बघितलं. एकच लांबट चौकोन होता. म्हणालो, “तिच्या रेघा उद्या मारतील.” दुसऱ्या दिवशी मारल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी नकाशा घेऊन पावलं मोजली. कुंपणापासून विहिरीपर्यंत पावलं कमी भरली. मग उलट्या बाजूने मोजली, तरी तेवढीच. दोन इमारती त्या जागेत बसतच नव्हत्या. अंगण तर लांबच राहिलं. आधी वाटलं माझी पावलं चुकली. मग वाटलं शेठने जागा गिळली. मग वाटलं नकाशाच दुसऱ्या कुठल्या गावचा आहे. तीन दिवस मी वर्गात एक शिकवत होतो आणि फळ्यावर भलतंच लिहीत होतो.

चौथ्या दिवशी सकाळी मी मोठी आयला म्हणालो, “चल, पुलावरून बघू. वरून सगळं एकदम दिसेल.”

स्टेशनावर पादचाऱ्यांचा पूल होता, पण गावातलं कुणी त्यावर चढत नसे. सगळे रूळ ओलांडूनच पलीकडे जायचे. मोठी आय उभ्या आयुष्यात कधी जिना चढली नव्हती. पायऱ्यांना हात टेकत ती वर आली. वर आल्यावर कठडा दोन्ही हातांनी धरून आधी डोळे मिटून उभी राहिली.

मग तिने खाली बघितलं. आमचं घर दिसलं, म्हणजे फक्त कौलं दिसली. विहीर वाटोळी दिसली. फक्कीचा चौकोन पांढरा शुभ्र दिसत होता. मी नकाशा कधी सरळ, कधी आडवा धरून जुळवायचा प्रयत्न करत होतो. वाऱ्याने कागद फडफडत होता आणि माझं काहीच जुळत नव्हतं. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं.

मोठी आयने बराच वेळ खाली बघितलं, मग कागदाकडे बघितलं.

“यो कागद असा वरशी बघून काढलाय का?”

“हो. नकाशा वरूनच काढतात.”

“मंग घरावर घर असल तर वरशी खालचा घर कसा दिसंल?”

मी कागद तिच्यासमोर धरला.

तिने आपला काळा, जाड अंगठा डाव्या चौकोनावर ठेवला. मग तो उचलून उजव्या चौकोनावर ठेवला. आणि त्या आडव्या रेघांवर, मी ज्यांना धुण्याच्या पायऱ्या म्हणालो होतो त्यांच्यावर, बोट फिरवलं. मग आपण चढून आलो त्या जिन्याकडे बघितलं.

“हा खालचा. हा त्याचे वरचा. एकावर एक घातला तर खालचा झाकल, म्हनून बाजूला काढलाय. इमारत एकच हाय.”

एका क्षणात सगळं जागेवर बसलं. दुकानं खाली, बिऱ्हाडं वर, आणि दोन्हीकडच्या त्या रेघा म्हणजे एकच जिना. मी मास्तर, ट्रेनिंग झालेला, आणि निरक्षर बाईने पुलावर उभं राहून मला नकाशा शिकवला. मला वाटलं आता ती ओरडेल, निदान कपाळावर हात मारून घेईल. ती फक्त म्हणाली, “चल, उतरू. मना उतरताना हात दे.” आणि खाली आल्यावर पदर सारखा करून घराकडे चालू लागली.

दोन दिवसांनी गाव पेटलं. इतरांनीही दुसऱ्या इमारतीची वाट बघून घेतली होती. ओव्हरसियर फसवतोय, शेठने अर्धी घरं गिळली, अशी बोंब झाली. गावदेवीच्या देवळासमोर सकाळी सगळे जमले आणि ओव्हरसियरला बोलावून आणलं. तो घाबरला होता, पण खोटा नव्हता. त्याने नकाशा पसरला आणि म्हणाला, “अहो, पहिल्यापासून एकच इमारत आहे. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. दोन इमारती आहेत असं तुम्हाला सांगितलं कुणी?”

सगळ्यांचे डोळे आधी मोठी आयकडे गेले. कारण त्यांनी ते तिच्याच तोंडून ऐकलं होतं. आणि तिच्याकडून ते माझ्याकडे वळणार, हे मला दिसत होतं. उठून बोलायचं, असं मी मनात ठरवलं होतं. शपथेवर सांगतो, ठरवलं होतं.

मोठी आय उठली. पदर खोचला, गाण्याला उभी राहायची तशी.

“मी सांगितला. मास्तरनी बराबर वाचला होता. खाली दुकानां, वर घरां, असाच वाचला होता. माझे डोक्यानच दोन घरां शिरली. म्हातारी झालू, इसरतं आता.”

कुणाला खरं वाटेना. एक म्हातारा म्हणाला, “तू इसरतंस? शंभर गानी येतान तुना.”

“गानी येगली, कागद येगला,” ती म्हणाली. मग ओव्हरसियरकडे वळून तिने विचारलं, “वर उखल पुरता येल का रं, साहेब?”

“नाही हो, आजी,” तो समजुतीने म्हणाला. “खालच्या दुकानाचं छत खाली येईल.”

लोक हसले. भांडण मोडायला आलं की माणसं कशालाही हसतात. मोठी आयही हसली. मी देवळाच्या पायरीवर बसलेला होतो, तो बसूनच राहिलो. आणि खरं सांगतो, मला पहिल्यांदा वाईट वाटलं नाही. सुटलो, असं वाटलं. त्याची लाज नंतर आली आणि मग ती कधी गेलीच नाही.

त्यानंतर आलेल्या लग्नसराईत तिला पहिल्यासारखी बोलावणी आली नाहीत. विसरायला लागलेली धवलारीण कोण बोलावणार? एक विधी चुकला तर लग्नाला खोट लागते, असं आमच्याकडे मानतात. पलीकडच्या पाड्यावरची दुसरी बाई येऊ लागली.

पण त्या दिवशी, देवळापासून घरी येताना, मी तिला विचारलं होतं. बांधावरून ती पुढे, मी मागे.

“आये, तू असं का सांगितलंस? तुझं घर गेलं ते गेलंच. वर तुझं नावही गेलं.”

ती थांबली नाही. चालता चालताच बोलली.

“मी खोटी परलू तर एक म्हातारी खोटी परंल. तू खोटा परलास तर उद्या शालेन पोरा कोन धारील?”

मी आजही सांगू शकत नाही की तिने माझ्यावर उपकार केला, की माझ्यावर विश्वास ठेवला, की मला शिक्षा केली. कधी एक वाटतं, कधी दुसरं. दुसऱ्या दिवशी मी शाळा उघडली. हजेरी घेतली. एकही पोर गैरहजर नव्हतं.