नवव्या नंबरचा क्वार्टरबॅक

दुबईतल्या अल कुसैसहून निघणाऱ्या आमच्या कारपूलमध्ये पुढच्या सीटवर वसईचे एक गृहस्थ बसायचे. नाव मी कधी विचारलं नाही. विचारायला त्यांनी सवड द्यायला हवी ना! सीटबेल्टच्या आधी मोबाइल निघायचा आणि अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या क्वार्टरबॅकांची, म्हणजे चेंडू फेकून अख्खा संघ खेळवणाऱ्या पोरांची, क्रमवारी सुरू व्हायची. अमेरिकेत कधी पाऊलही न टाकलेले हे हॉटेलातले स्टोअरकीपर तिथल्या विशीतल्या पोरांना बोट नाचवत नापास करायचे. एका पोराचा तर नववा नंबर कायमचा ठरलेला.

"हात बरा आहे, पण डोकं नाही," ते म्हणायचे. मागच्या सीटवरचे आम्ही अडाणी माना डोलवायचो. सकाळच्या ट्रॅफिकमध्ये दुसरं करणार काय?

एकदा मात्र मी अभ्यास करून गेलो. "अहो, यंदा एकही मॅच हरलेला नाही तो. मग नववा कसा?"

त्यांनी पहिल्यांदाच मोबाइल उलटा ठेवला. "माझी मुलगी त्याच्याच कॉलेजात शिकते. 'जेवलीस का' विचारलं, की 'आय ॲम फाइन, डॅडा' म्हणून दोन मिनिटांत फोन ठेवते. त्याला नववा म्हटलं, की तासभर भांडते."

"आणि खरा नंबर?"

"पहिलाच. पण तिला कळलं तर खलास!"

मी हसलो खरा. माझा मुलगा शेजारच्याच खोलीत असतो. तासभर सोडा, तो माझ्याशी दोन मिनिटंही भांडत नाही.