वीज गेली की येणारे नेट

वीज असताना आमच्या घरातले इंटरनेट का जात असे, आणि वीज गेल्यावर ते परत का येत असे, या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझा एक उन्हाळा गेला. प्रश्न उलटा वाटतो, हे मला ठाऊक आहे. वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने तो विचारला असता, तर मी त्याला प्रश्न पुन्हा एकदा नीट वाचायला सांगितले असते. परंतु आमच्या घरात तो रोज घडत होता आणि माझ्या मुलीची नोकरी त्याच्या उत्तरावर टांगलेली होती.

गोष्ट दोन हजारनंतरच्या दशकाच्या अखेरीची आहे. मी शाळेतून निवृत्त झालो होतो. आम्ही दोघे, मी आणि माझी पत्नी, अल्लीपूरच्या घरी राहत होतो. मुलगी पुण्याच्या एका कंपनीत संगणकाचे प्रोग्रॅम तपासण्याचे काम करी. प्रोग्रॅममधली चूक नेमकी कुठे आहे हे शोधणे, हाच तिचा पेशा. पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी आली. आठव्या महिन्यात रक्तदाब वाढला, तेव्हा हिंगणघाटच्या डॉक्टरीणबाईंनी प्रवासाची सक्त मनाई केली. कंपनीने घरून काम करण्याची परवानगी दिली, पण एका अटीवर: कामाच्या वेळेत ती सतत जोडलेली दिसली पाहिजे. नाहीतर बिनपगारी रजा. आणि रजेनंतर जागा राहील की नाही, हे कोणी सांगू शकत नव्हते. मंदीचे दिवस होते. जावयाची नोकरी त्याच मंदीत आधीच गेली होती. पुण्याचे बिऱ्हाड आता हिच्या एकटीच्या पगारावर उभे होते.

घराची रचना सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. समोर जाळी लावलेली ओसरी आणि तिच्यामागे मधली खोली. दोहोंमध्ये जाड विटांची भिंत. त्या भिंतीत एक दार आणि एक मोठी खिडकी. नव्वदच्या दशकात आमच्या ओळीत पहिला टेलिफोन आमच्याकडे आला. शेजाऱ्यांना संकोच न वाटता फोन करता यावा, म्हणून मी तो ओसरीतच बसवला. तारेचा डबा तिथेच कायम झाला. पुढे ब्रॉडबँड आले तेव्हा त्याचे मॉडेमही त्या डब्याशेजारच्या फळीवर बसले. लॅपटॉप मात्र मधल्या खोलीत होता, कारण मुलगी मधल्या खोलीत होती. आणि ती तिथे होती, कारण कूलर तिथे होता. वर्ध्याकडच्या मे महिन्यात आठव्या महिन्यातल्या बाईला दुसरीकडे कुठे बसवणार? लोखंडी पत्र्याचा तो मोठा कूलर ओसरीत घडवंचीवर ठेवलेला असे आणि त्याचे तोंड खिडकीतून आत असे.

लॅपटॉपला सरळ वायर का लावली नाही, असे कोणी विचारील. त्याचे वायर लावण्याचे तोंड मोडलेले होते, आणि यंत्र कंपनीचे असल्याने ते उघडण्याची मुभा नव्हती.

आता बिघाडाचे वर्णन करतो. सकाळी मुलगी कामाला बसे, तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यातल्या, वाय-फायचा जोर दाखवणाऱ्या पाचही दांड्या उभ्या असत. ऊन चढू लागले की त्या एकेक करून खाली बसत. दुपारी काहीच उरत नसे. मग भारनियमनात वीज जाई. इन्व्हर्टरवर छताचा पंखा आणि मॉडेम चालत, कूलर बंद पडे, मुलगी पदराने मान पुसू लागे, आणि थोड्या वेळाने दांड्या पुन्हा उभ्या राहत! त्या उकाड्यात ती घाईघाईने काम पाठवत असे. वीज परतली की माझी पत्नी "आली बापा एकदाची" असे म्हणून कूलरचे बटन दाबी, आणि नेट पुन्हा जाई.

मी टेलिफोनच्या लाइनमनला बोलावले. त्याने डब्याला स्वतःचा फोन लावून पाहिला.

"गुरुजी, लाइन तं टकाटक आहे. दुपारी लोड वाढते, बाकी काई नाई."

"लोड वाढत असेल, तर मॉडेमचा दिवा का विझत नाही?"

"आता ते मी कसं सांगू? दिवा लागून राह्यला म्हंजे आमच्याकून सप्पा बरोबर आहे."

त्याचे म्हणणे अर्धे खरे होते. तारेतून नेट मॉडेमपर्यंत येत होते. दोष पुढच्या दहा-बारा फुटांत होता. इथपर्यंत माझे तर्कशास्त्र बिनचूक होते. यापुढे ते वाट चुकले. वीज गेल्यावर दोष जातो, म्हणून दोष विजेत आहे, असे मी ठरवून टाकले.

मॉडेमला वेगळा प्लग दिला. स्टॅबिलायझर बसवला. फ्रिज बंद ठेवून पाहिला, तर दूध नासले. जावयाने फोनवरून सांगितल्याप्रमाणे मॉडेमचे चॅनल बदलले, पासवर्ड बदलला. मॉडेम उंच स्टुलावर ठेवले, मग खिळ्याला टांगले. शेवटी घराचे अर्थिंग सुधारावे म्हणून अंगणातला खड्डा उकरून त्यात कोळसा आणि मीठ घातले. समोरचा किराणा दुकानदार दुकानाच्या पायरीवरून हे पाहत होता.

"काय गुरुजी, लोणचं घालून राह्यले का?"

"अर्थिंग करतो आहे. नेटसाठी."

"मीठ मायाच दुकानातून नेलं ना? मंग नेट आलं त मलेबी द्याजा अर्धं."

मी हसलो नाही. आतून मुलीचा आवाज येत होता: "सर, कॅन यू हिअर मी? सर? हॅलो?" एकदा, दोनदा, मग तोही थांबला. मी फावडे हातात घेऊन उभा राहिलो. घरात काय चालले असेल, हे मला न पाहता कळत होते. ती रडत नसे. ती लॅपटॉप मिटवी, त्यावर दोन्ही हात ठेवी आणि भिंतीकडे पाहत बसे. हे पाहून तिची आई कासावीस होई. आणि तिला एकच उपाय माहीत होता. ती बादली घेऊन ओसरीत जाई, कूलरची टाकी काठोकाठ भरी आणि त्याच्या तीन बाजूंना लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर तांब्यातांब्याने पाणी मारी. "निदान थंड तं वाटू दे माया लेकीले," असे ती म्हणे.

एके दिवशी मुलगी मला म्हणाली, "बाबा, शुक्रवारी दुपारी मोठ्या साहेबांचा कॉल आहे. टीममधल्या कोणाला ठेवायचं ते त्यात ठरणार आहे. मला माझं काम समजावून सांगायचं आहे. कॉल तुटला की संपलं."

"तोवर दोष सापडेल."

"रोज हेच म्हणता तुम्ही." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "मी राजीनामाच पाठवू का? त्यांनी काढल्यापेक्षा बरं नाही का?"

 मी ओसरीत गेलो आणि मॉडेमचा दिवा पाहत बसलो. तो हिरवागार, निर्लज्जासारखा जळत होता.

गुरुवारी नळ आला नाही. पाणीपुरवठ्याची मोटार जळाल्याचे कळले. घरात पिण्यापुरते पाणी होते. पत्नीने मला बजावले, "कूलरचा नुसता पंखा लावजा. पंप नका लावू. बिना पाण्याचा चालला त जळंल." पंप म्हणजे टाकीतले पाणी वर चढवून ताट्यांवर सोडणारे छोटे यंत्र. पंखा दिवसभर कोरडी, भट्टीसारखी हवा आत फेकत राहिला. मुलगी घामाने निथळत होती.

परंतु नेट गेले नाही. सकाळ गेली, दुपार झाली, वीज होती, कूलरचा पंखा चालू होता, आणि पाचही दांड्या उभ्या होत्या. भारनियमनात वीज गेली, परत आली. दांड्यांनी तिची दखलही घेतली नाही. माझा विजेचा सिद्धांत त्या दुपारी माझ्यासमोर कोसळला. त्याच वेळी मला एक जुनी खूण आठवली. वीज गेल्याबरोबर नेट कधीच येत नसे. थोड्या वेळाने येई. दोष विजेचा असता, तर बटन दाबताच दिवा विझतो तसा तोही तत्क्षणी गेला असता. हळूहळू काय होते? हळूहळू ओले वाळते.

संध्याकाळी मी शेजारच्या विहिरीवरून दोन बादल्या पाणी आणले आणि कूलरमध्ये ओतले. पत्नी संतापली.

"पोरगी दिवसभर शिजली, तवा नाई सुचलं? आता काऊन पाणी ओतून राह्यले?"

"थांब. दोन्ही वेळा पाहू दे." मी मुलीला आत लॅपटॉपसमोर बसवले. "नुसता पंखा चालू आहे. किती दांड्या?"

"पाच."

"आता पंप लावतो. बाकी कशालाच हात लावत नाही."

पाणी चढले. ताट्या वरून खाली काळसर होत गेल्या. तीनही बाजूंनी धार लागली.

"पाच," आतून आवाज आला. "पाच. चार." मग जरा थांबून, "तीन. बाबा, दोन. बाबा, गेलं!"

मी पंप बंद केला, पंखा राहू दिला. ताट्या वाळू लागल्या तशा दांड्या परतल्या. पुन्हा पंप लावला; पुन्हा गेल्या. भिंत जाड आणि दार मॉडेमपासून दूरच्या टोकाला, त्यामुळे लहरींना आत जायला ती खिडकीच काय ती वाट होती, आणि त्या वाटेत आम्ही पाण्याचा पडदा सोडला होता. ज्या जातीच्या लहरींनी मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये अन्नातले पाणी तापते, त्याच जातीच्या लहरी मॉडेम पाठवते. पाणी त्या गिळून टाकते. हे मी वाचलेले होते. पण मे महिन्यातला कूलर ही तपासायची वस्तू आहे, असे मनात आलेच नव्हते. आमच्याकडे तो ऋतूचाच भाग असतो.

पत्नी रिकामी बादली धरून उभी होती. "म्हंजे मीच का?" ती म्हणाली. "मी पाणी टाको अन् हिचं बंद पडे?"

"आई, तू नाही. पाणी," मुलगी म्हणाली. पण पत्नीने बादली खाली ठेवली ती आवाज न करता, जणू तीच फुटेल.

उपाय उघड होता: लांब तार आणून मॉडेम मधल्या खोलीत न्यायचे. परंतु तार हिंगणघाटला मिळणार, आणि लांब तारेवर नेट कसे चालते हे तपासायला वेळ नव्हता. परीक्षेच्या दिवशी नवे पेन वापरू नये, असे मी मुलांना सांगत आलो होतो. मुलगीच म्हणाली, "आज जे चाललं, तेच उद्या चालवू. पंप बंद."

शुक्रवार गुरुवारहून तापला. कॉल सुरू झाला, तेव्हा खोलीतल्या स्टीलच्या कपाटाला हात लावता येत नव्हता. पत्नी जमिनीवर बसून विंझण्याने वारा घालत होती आणि ओला नॅपकिन मुलीच्या पावलांवर फिरवत होती. मी दाराशी उभा होतो. तिथून एका बाजूला मुलगी दिसत होती आणि दुसऱ्या बाजूला ओसरीतला पंपाचा प्लग.

कॉल लांबला. आधी इतरांचे बोलणे झाले, मग हिची पाळी आली. ती सावकाश, एकेक मुद्दा मांडत होती. चेहरा लालबुंद झाला होता, ओठ सुकले होते, एक हात पोटावर होता. मधेच तिने डोळे मिटले आणि टेबलाची कड घट्ट धरली. पत्नीने माझ्याकडे पाहिले. रक्तदाबाविषयीचे डॉक्टरीणबाईंचे शब्द आम्हा दोघांच्याही कानांत होते.

"लावा ना हो पंप," ती कुजबुजली. "आग लागो त्या नोकरीले. मरंल ना पोरगी."

मी ओसरीत गेलो. प्लग हातात घेतला. तो बसवला असता तर काही मिनिटांत गारवा आला असता आणि तेवढ्याच मिनिटांत तिचा आवाज पुण्यात पोहोचेनासा झाला असता. दारातून पाहिले, तर मुलीने माझ्याकडे न वळता डावा तळहात उंच धरला होता. वर्गात मी मुलांना थांबवायला धरीत असे, अगदी तसा. बोलणे तिने थांबवले नव्हते. मी प्लग खाली सोडला आणि त्याच्याशेजारी बसलो. ती दुपार मला अजून सोसत नाही.

शेवटी आतून "थँक यू, सर" ऐकू आले आणि मी पंप लावला. मुलगी खुर्चीवरून उतरली आणि कूलरसमोर फरशीवर कुशीवर पडली. पत्नीने तिचे डोके मांडीवर घेतले. पडद्यावर दांड्या एकेक करून खाली बसत होत्या. त्यांच्याकडे कोणीही पाहत नव्हते.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी घरी येऊन तपासले. रक्तदाब चढलेला होता, पण धोक्याच्या अलीकडे थांबला होता. त्यानंतर फोन आला. तिला ठेवले होते. तिच्याच टीममधल्या दोघांना नव्हते ठेवले, आणि हे सांगताना तिला आनंद दाखवता येईना. पुढच्या आठवड्यात लांब तार आली, मॉडेम मधल्या खोलीतल्या कोनाड्यात बसले, आणि पाणी व नेट एकाच घरात नांदू लागले. पाऊस स्थिरावल्यावर नात झाली. पत्नी मात्र त्यानंतर कूलर भरण्याआधी प्रत्येक वेळी विचारी, "भरू ना? कोणाचं काई चालू नाई ना?"

माझ्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. त्यात ओल्या ताट्यांचा वाटा किती आणि लोखंडी पत्र्याचा किती, हे मी वेगळे करू शकलो नाही. शिवाय हे एकाच घरावरून काढलेले उत्तर आहे. तुमच्या घरी दुपारी नेट जात असेल आणि खिडकीत कूलर असेल, तर फक्त पंप बंद करा, पंखा चालू ठेवा, ताट्या वाळू द्या आणि दांड्या मोजा. मग पंप लावून पुन्हा मोजा. मी सांगतो म्हणून मानू नका. कृपया स्वतः तपासून पाहा.