ताईंची बिनगिअरची गाडी

"दोन पाय, दोन पेडल. तिसरं हवंय कशाला?"

गाडीत बसताना ताई हे रोज म्हणायच्या. आधी चपला काढून मागे टाकायच्या, मग देवळात करतात तसा स्टिअरिंगला नमस्कार, मग हे वाक्य. मी डावीकडच्या सीटवर, मागे आमच्या ऑफिसातले सोनावणे. सोनावणे बसल्या बसल्या झोपत, ते थेट पालघर आल्यावर उठत. त्यामुळे बोईसर ते पालघर रोज तासभर ऐकायला ताई आणि बोलायला मी. मी किती बोलते ते तुम्हाला पुढे कळेलच.

ताई आमच्याच इमारतीत, माझ्या खालच्या मजल्यावर राहायच्या. ऑफिसही एकच. त्या आस्थापना शाखेत वरच्या जागेवर, मी टपाल घेणारी. ऑफिसात सगळे त्यांना मॅडम म्हणत. मी जिन्यातली सवय तिथेही चालवली आणि ताईच म्हटलं. त्यांनी कधी हरकत घेतली नाही. हरकत घेण्याच्या गोष्टी त्यांच्याकडे दुसऱ्या होत्या.

त्यांची मोठी हरकत गिअरवर होती. तिशीत असताना यजमानांनी त्यांना गाडी शिकवायला घेतली. तिसऱ्याच दिवशी फाटकाजवळ गाडी बंद पडली. मागून भोंगे, बाजूला यजमानांचा आवाज त्याहून मोठा. क्लच, ब्रेक, क्लच! ताई उतरल्या आणि पुन्हा बसल्या त्या डावीकडे. पुढची चोवीस वर्षं डावीकडेच. "तुझं काम नाही हे," असं यजमान चारचौघांत हसून सांगायचे, आणि ताईसुद्धा हसायच्या. असं हसायला लागतं ते आपल्याला नवीन आहे का?

यजमान गेल्यावर वर्षभरानं ताई एकट्याच शोरूममध्ये गेल्या. तिथल्या पोरानं विचारलं, "सर नाही आले?"

"सर वर गेलेत," ताई म्हणाल्या. "तू मला दाखव."

आणि घेऊन आल्या ती छोटी, उंच बसणीची, विजेवरची गाडी. निळी. क्लास लावून लायसन्सही काढलं. इमारतीत हा गोंधळ! सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकानं विचारलं, पाऊस पडला तर शॉक बसेल का? दुसऱ्याला काळजी, ही लिफ्टची वीज खाणार. ताईंनी आपल्याच मीटरवरून खाली वायर ओढून घेतली आणि सांगितलं, "रात्री फोन लावता ना चार्जिंगला? तशीच ही. तुमची लिफ्ट सुखरूप आहे."

हळूहळू त्याच सगळ्यांना गाडीचं वेड लागलं. आमच्याकडे निम्मे पुरुष कारखान्यात तिन्ही पाळ्या करणारे. माझा नवराही. रात्रपाळीचा माणूस सकाळी डोळा लावतो आणि खाली कोणीतरी गाडी घुरघुरवतं, हे आमच्या भांडणाचं जुनं कारण. ताईंची गाडी निघायची ते कोणाला कळायचंही नाही. माझा नवरा त्या गाडीला 'सज्जन' म्हणायचा. स्टेशनबाहेर दोन रिक्षांच्या मधल्या फटीत ती मावायची. आणि मागची सीट पाडली की माझं शिलाई मशीन पायासकट आत! गुडघे धरलेल्या बायकांना तर तिचं फार कौतुक. खाली वाकायचं नाही, वर चढायचं नाही, नुसतं सरकून बसायचं. उमरोळीजवळ पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचतं, तिथे बाकीच्या बुटक्या गाड्या कडेला थांबायच्या आणि ताई सावकाश, मजेत पलीकडे निघायच्या. "बघ," म्हणायच्या, "म्हातारीची गाडी चालली."

चार्जिंगचे टक्के मात्र त्यांच्या डोक्यात सतत असत. कशाची खुशाली विचारली तरी उत्तर टक्क्यांत.

"ताई, बरं वाटतंय ना आज?"

"बासष्ट टक्के. घर गाठते."

मला हसू यायचं. पण ते चाक हातात घेतल्यापासून त्या बदलल्या होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. रविवारी एकट्याच शिरगावला समुद्रावर जायच्या, किल्ल्याजवळ गाडी लावून दार उघडं टाकून बसायच्या आणि परत यायच्या. काम काही नाही. कोणाला विचारायचं नाही, कोणाची वाट बघायची नाही. मला एकदा म्हणाल्या, "अगं, चोवीस वर्षं मी जिथे नेलं तिथे गेले. आता मी नेते." हे चाक त्यांना जिवापलीकडे होतं. म्हणून तर पुढचं सांगायला मला जड जातं.

मी गाडीत बडबडते. भित्री आहे ना! "ताई, डावीकडून रिक्षा. अहो, सायकलवाला. ती गाय बघा, ती येणार आता मधे. पंचाळीचा वळसा आला, सांभाळून." नवरा मला स्कूटरवर मागे बसवतो तेव्हा आधी शपथ घालतो, तोंड उघडायचं नाही म्हणून. ताई मात्र कधीच गप्प बस म्हणाल्या नाहीत. उलट मी थांबले की म्हणायच्या, "बोल की गं." मी खूश. म्हटलं, जगात एक तरी माणूस आहे ज्याला माझी बडबड गोड लागते.

एका संध्याकाळी पालघरच्या बाजारात मी फोनवर बोलत होते. लेकीचा फोन, तोंड तिकडे गुंतलेलं, डोळे रस्त्यावर. गाडी एकदम थबकली आणि समोर टोपली आडवी, पापलेटं रस्त्यावर. कोळीण कंबरेवर हात ठेवून उभी.

"आगो बाय, गाडी हाय का मांजर? आवाज नाय, काय नाय! मी मेले आसते तरी कललं नसतं!"

ताई खाली उतरल्या, हात जोडले, तिच्याबरोबर बसून मासे उचलले आणि अख्खी टोपली विकत घेतली. कोळीण शांत झाली, वर "बाय, सांबालून जा गो" म्हणाली. त्या रात्री आमच्या इमारतीत घरोघर पापलेट. सगळे म्हणाले, बिनआवाजाच्या गाडीचा हाच एक दोष.

पण मी पाहिलं होतं. कोळीण मधे आली नव्हती. ती डाव्या कडेला उभीच होती, चांगली लाल लुगड्यातली.

दुसऱ्या दिवशी गाडीत मी मुद्दाम तोंड मिटून बसले. माझ्यासाठी ही तपश्चर्याच. उमरोळीच्या पुढे डावीकडून एक शाळकरी मुलगी सायकल घेऊन रस्त्यावर चढली. ताईंनी वेग कमी केला नाही. मी किंचाळले तेव्हा कुठे ब्रेक लागला. सोनावणेसुद्धा जागे झाले.

संध्याकाळी जिन्यात मी त्यांना धरलं. "ताई, तुम्हाला डावीकडचं दिसत नाहीये."

"काहीतरीच. तू ओरडलीस म्हणून मी दचकले."

"उद्यापासून मी येणार नाही. डोळे तपासा, मग बसेन."

"माझ्या गाडीत बसून मलाच अटी?"

"हो. तुम्हालाच."

त्यांचा चेहरा पडला. माझा स्वभाव हा असा, बोलताना पुढचं मागचं बघत नाही. त्या "बरं" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. चार दिवस मी एसटीनं गेले. जिन्यात समोर आलो तर दोघी भिंतीकडे बघायचो. मनात म्हणत होते, बाई, हट्ट सोड गं. आणि लगेच दुसरं मन म्हणायचं, तू कोण तिचं चाक काढून घेणारी?

पाचव्या दिवशी त्या वर आल्या. हातात डॉक्टरांचा कागद. माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या आणि सरळ सांगितलं, "काचबिंदू आहे. नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं उरलंय, तेही आता धूसर होत चाललंय. कडेचं गेलं, आणि गेलेलं परत येत नाही म्हणाले. गाडी बंद."

मी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"तू नव्हतीस ना चार दिवस," त्या म्हणाल्या, "तेव्हा मला कळलं. मागे सोनावणे घोरतायत आणि रस्ता एकदम अरुंद झालाय. अगं, वर्षभर मी तुझ्या तोंडानं डावीकडचं बघत होते. मलाही माहीत नव्हतं."

मी त्यांचा हात धरून खूप रडले. त्या रडल्या नाहीत. उलट माझ्याच ओट्यावर मलाच चहा करून दिला.

मी बरोबरच केलं, हे मला ठाऊक आहे. त्या सायकलवरच्या मुलीची वेणी अजून माझ्या डोळ्यांसमोर येते. तरी ताईंच्या हातातून चाक गेलं ते माझ्यामुळे, ही रुखरुख काही जात नाही.

त्यांच्या निवृत्तीला तेव्हा सात महिने होते. ते सात महिने आम्ही दोघी एसटीनं गेलो. चढताना त्यांची पायरी चुकायची म्हणून मी मागे उभी. त्या खिडकीशी बसायच्या, आणि गतिरोधक आला की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. मी पाहून न पाहिल्यासारखं करायची. घरी आल्यावर गाडी पुसणं चालूच. चार्जिंगला लावणंही चालूच. शंभर टक्के करून ठेवायच्या आणि वायर गुंडाळायच्या.

एकदा पुसता पुसता म्हणाल्या, "तू शीक ना. अगदी सोपी आहे. तू चालव, मी शेजारी बसते. पुण्याला मुलगा बोलावतोय, पण तू चालवणार असशील तर मी इथेच राहीन."

इतकं स्पष्ट म्हणाल्या होत्या. आणि मी काय म्हणाले? "बघू, दिवाळी होऊ दे." दिवाळी झाली. मग लेकीची परीक्षा. मग थंडीत माझे गुडघे. खरं कारण भीती, दुसरं काही नाही. लोकांच्या गाडीत बसून हुकूम सोडणं सोपं असतं हो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. निवृत्तीच्या महिन्यात सांगितलं, "पुण्याला जातेय. मुलगा गाडीही नेतोय, तिकडे सुनेला उपयोगी पडेल."

आता मी रोज एसटीनं जाते. मिळाली तर खिडकी घेते. पंचाळीचा वळसा येतो, उमरोळी येतं, आणि मला ताईंची फार आठवण येते. लोक म्हणतात, हल्ली तुम्ही कमी बोलता. गेल्या महिन्यात मी गाडी शिकायला नाव घातलं. शिकवणारा पोरगा लेकीच्या वयाचा आहे. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मावशी, छान चालवताय की! आधी का नाही शिकलात?" मी डावीकडचा आरसा नीट केला.

त्या गेल्या ती सकाळ सांगते आणि थांबते.

मुलानं सामान भरलं. ताई डावीकडे बसल्या. मला म्हणाल्या, "येत जा गं पुण्याला," आणि माझा गाल चाचपला. मी गेटाच्या उजव्या खांबाशी जाऊन उभी राहिले, रडू दिसू नये म्हणून. गाडी सुरू झाली ते नेहमीसारखं कळलंच नाही. गेटातून बाहेर पडताना ताईंनी काच खाली केली, मान वळवून शोधलं आणि हसून हात हलवला. पण माझ्याकडे नाही. डावीकडे वॉचमनची खुर्ची होती, तिच्या पाठीवर त्याचा शर्ट वाळत घातलेला. त्या तिकडे बघून हात हलवत होत्या, हलवतच होत्या.

मी धावत गेले आणि त्या खुर्चीपाशी उभी राहिले.