कुकरचा मोसम
कुकरच्या शिट्टीबरोबर मटणाचा वास दरवळला की मला खडकीतले आमचे शेजारी चाचा आठवतात. हॉकीतले पट्टीचे सेंटर फॉरवर्ड. आमच्याकडच्या स्पर्धांत सर्वोत्तम खेळाडूला संसारोपयोगी वस्तू मिळे, त्यामुळे त्यांच्या भिंतीवर घड्याळंच घड्याळं, आणि प्रत्येकात वेळ निराळी! चाचांच्या निरोपाच्या सत्काराला फलकावर त्यांचा एकच, सर्वांत मोठा मोसम रंगवायचा होता. कधीही मैदानाकडे न फिरकलेल्या चाचीने त्या दिवशी तरी यावं, एवढीच चाचांची इच्छा. पण ती कसली ऐकतेय! इकडे त्यांच्याच घरात माझे वडील आणि क्लबचे कोच हमरीतुमरीवर आलेले. "फायनलला हॅटट्रिक केली तो मोसम!" कोच गरजले. "अहो, समोरचा गोलकीपर लंगडत होता. बक्षीस त्याच्या पायाला द्यायचं," वडील शांतपणे म्हणाले. पेंटर ब्रश धरून ताटकळला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून चाची बाहेर आली. "कुकर मिळाला तो मोसम लिहा. इतकी घड्याळं आणली, पण वेळेवर घरी आले कधी? कुकर मिळाला, त्या दिवशी मात्र पार्टी सोडून थेट माझ्याकडे आले." "पण त्या वर्षी हा नुसता दुसऱ्यांना पास देत होता!" दोन्ही तज्ज्ञ एका सुरात ओरडले. चाचा लाजून एवढंच म्हणाले, "पेंटरसाहेब, तोच लिहा." सत्काराला चाची पहिल्या रांगेत, फलकाच्या अगदी समोर बसली होती. खेळाडूंच्या पुरस्कारांवर मीही हल्ली तावातावाने भांडतो. पण आत कुकर वाजला, की मुकाट्याने हार पत्करून पाटावर जाऊन बसतो.