हळकुंडाचा दोरा

त्या दुष्काळात अंबाजोगाईच्या योगेश्वरी देवीशी मी अबोला धरला होता. पाऊस गेला म्हणून नव्हे, तो सगळ्यांचाच गेला होता. नांदूरघाटजवळ सोसायटीनं जनावरांची छावणी उघडली होती आणि मी व माझी सून सुनीता म्हशी घेऊन तिथंच राहत होतो. लेक ऊसतोडीला गेलेला. सुनीताला ताप भरला, डोकं ठणकू लागलं, मान वाकेना. चाऱ्याच्या पेंढ्या डोक्यावर वाहून मान धरली असेल असं समजून मी तिला रोज तेल चोळत राहिले. चोळताना ती कण्हायची आणि मी मनात देवीशी भांडायची, की आईविना वाढलेल्या या पोरीला तू का छळतेस? मग एका सकाळी सुनीतानं मलाच ओळखलं नाही. तेव्हापासून देवीशी बोलणंच सोडलं.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूवरच्या आवरणात संसर्ग झालेला दिसतोय. आधी एमआरआय काढून आत सूज किती आहे ते पाहायचं, मगच पाठीतलं पाणी तपासायला काढायचं. उशीर झाला तर जिवावर बेतेल. ते मशीन म्हणजे मोठं लोहचुंबक, अंगावर धातू चालत नाही. जोडवी निघाली. मंगळसूत्राला हात लावला मात्र, तापात बरळणारी सुनीता वाट्या मुठीत गच्च धरून अशी झटू लागली की दोघी नर्सना आवरेना. जणू कुणी तिच्या नवऱ्यालाच हिसकावून नेत होतं. मी भिंतीला टेकून उभी होते. मी विधवा बाई, सवाष्णीच्या गळ्यातलं उतरवायला माझा हात पुढं होईना.

बाहेरच्या बाकावर एक म्हातारी भावाच्या नंबरची वाट बघत बसली होती. सगळं बघून ती उठली. खोकल्यासाठी कनवटीला ठेवलेलं हळकुंड तिनं काढलं, पदराच्या दशा ओढून दोरा वळला, हळकुंड त्यात बांधून माझ्या हातात दिलं.

"हे बांधा आन् मग ते काढा."

"तुमीच बांधा माय, माजं कपाळ हे असं."

ती हसली. "मग माजं कुटं भरल्यालं हाय? पोरीला वळखीचा हात लागतोय. बांधा."

मी बांधलं. सुनीताच्या कानाशी लागून सांगितलं, "हळकुंड हाय गं गळ्यात, गळा मोकळा न्हाई तुजा." मूठ हळूहळू सैल झाली आणि ते मंगळसूत्र मीच उतरवलं. मशीनवाल्या बाईंनी विचारलं, आत हिच्यापाशी कोण थांबेल? अंगावर धातू आहे का काही? मी हात पुढं केले. बांगडी नाही, अंगठी नाही, गळ्यात मणी नाही. नवरा गेल्यापासून लग्नाकार्यात हे हात मी पदराखाली लपवत आले होते. बाई म्हणाल्या, "मग या तुम्ही."

मळणीयंत्रासारखा धडधडाट सुरू झाला. मी सुनीताचे पाय धरून बसले. एवढे दिवस भांडून झालं होतं, नवस बोलून झाले होते, द्यायला काही उरलं नव्हतं. योगेश्वरीला एवढंच म्हटलं, "तुझीच लेक आहे, तूच बघ." आणि खरं सांगते, कित्येक दिवसांनी मला मोकळा श्वास आला. सुनीता शेवटपर्यंत हलली नाही.

फोटोत मेंदूच्या तळाशी आवरणाला सूज दिसली. पुढं पाण्याच्या तपासणीत क्षयरोग निघाला. औषधं पुष्कळ महिने चालली, पण योग्य वेळी सुरू झाली. बाहेर येऊन म्हातारीला शोधलं तर बाक रिकामा होता. ती कोण, कुठली, मला ठाऊक नाही. देवी आली होती असं मी म्हणणार नाही. मला वाटायचं शरण जायलाही हातात काहीतरी न्यावं लागतं. माझे तर रिकामे हातच तिनं कामाला लावले.

घरी निघायच्या दिवशी ऊसतोडीवरून आलेला लेक मंगळसूत्र घेऊन पुढं झाला. सुनीतानं त्याला थांबवलं आणि माझ्याकडं मान वळवली.

"तुमी घाला, आत्या."